धैर्याची वाट न पाहता: वेदनादायी अनुभव लिहिण्याचा क्रम

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून माझ्याकडे जी हस्तलिखिते वाचण्यासाठी येतात, त्यांतल्या आत्मकथनपर लेखनामागे एकच चूक पुन्हा पुन्हा आढळते. लिहिणारा वर्षानुवर्षे धीर गोळा करत राहतो. एखाद्या रात्री तो गोळा झाला असे त्याला वाटते. त्या रात्री तो आयुष्यातला सर्वांत भीषण प्रसंग एका बैठकीत लिहून काढतो आणि सकाळी तीच पाने नात्यातल्या कोणाला तरी वाचायला देतो. पुढे घरात भांडण होते, किंवा वही चुलीत जाते, किंवा लिहिणारा स्वतःच इतका हलून जातो की पुन्हा पेन हातात घेत नाही. मग या सगळ्याचा अर्थ ‘माझ्यात धैर्य नाही’ असा लावला जातो. वास्तविक धैर्य पुरेसे असते, चुकलेला असतो तो क्रम.

लिहिणे, दाखवणे आणि छापणे हे तीन स्वतंत्र निर्णय आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाची भीती निराळी आहे. पहिल्याला फार थोडे धैर्य लागते, कारण तिथे वाचणारा कोणी नसतो. तिन्ही भीती एकदम अंगावर घेतल्यामुळेच लेखन अडते. खालील टप्पे याच हिशेबाने लावलेले आहेत. एखादा टप्पा गाळून पुढे जाऊ नये. मागच्या टप्प्यावर परत येण्यास मात्र काहीच हरकत नाही.

## टप्पा १: आत्ता लिहावे की थांबावे

प्रथम घटना किती जुनी आहे ते पाहावे. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, अपघात किंवा अत्याचार नुकताच घडला असेल, तर लगेच सविस्तर लेखनाला बसू नये. त्या काळात तारखा, वेळा, कोण काय बोलले आणि कोणती कागदपत्रे कुठे आहेत, एवढीच टिपणे ठेवावीत. ही टिपणे पुढे फार उपयोगी पडतात आणि त्यांचा मनावर ताणही कमी पडतो.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: जे लिहायचे ते अजून चालू आहे का? नवऱ्याची मारहाण, सासरचा छळ, घरातल्याच माणसाकडून होणारी लगट असे काही अद्याप चालू असेल, तर वही हा आधार ठरण्याऐवजी धोका ठरू शकतो, कारण ती सापडते. अशा वेळी आधी सुरक्षिततेची व्यवस्था करावी आणि लेखन नंतर. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

तिसरी तपासणी स्वतःच्या प्रकृतीची. सलग काही आठवडे झोप उडालेली असेल, जेवण सुटलेले असेल किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर लेखन बाजूला ठेवून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही सेवा विनामूल्य असून दिवसरात्र चालू असते. प्रत्यक्ष भेटायचे असल्यास बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात किंवा धारवाडच्या डिम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत जाता येते. उपचार चालू असताना लेखन करता येते, मात्र ते करत असल्याचे डॉक्टरांना सांगून ठेवावे.

तपासा: लिहून उठल्यानंतर ज्याच्याशी अगदी साध्या गोष्टींवर, पावसापाण्यावर बोलता येईल असा एक तरी माणूस आहे का? लेखनाविषयी त्याला काहीही सांगायचे नाही, फक्त तो असला पाहिजे.

## टप्पा २: जागा, वेळ आणि कुलूप

लेखनासाठी एकांत हवा, असे सांगणे सोपे आहे. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या ज्या घरांत पुढच्या खोलीत माग चालतो आणि मागच्या खोलीत पाच माणसे झोपतात, तिथे एकांत ही वस्तू आणायची कुठून? तेव्हा खोलीचा हट्ट सोडून जागा घराबाहेर शोधावी. वाचनालयाचा वाचनकक्ष, महाविद्यालयाचे ग्रंथालय, दुपारच्या वेळचे रिकामे देवळाचे आवार किंवा शेतातले खोपटे यांपैकी काहीही चालते. ओळखीची माणसे सारखी डोकावणार नाहीत एवढीच अट आहे. घरातच बसायचे असेल, तर जमाखर्च लिहिण्याचे निमित्त बरे. हिशेब लिहिणाऱ्याच्या वहीत सहसा कोणी डोकावत नाही.

वेळ दिवसाची निवडावी. रात्री सर्व निजल्यावर लिहिणे अनेकांना सोयीचे वाटते, पण लिहून ढवळलेले मन घेऊन अंथरुणावर पडणे हीच या कामातली सर्वांत त्रासदायक गोष्ट आहे. लेखन संपल्यानंतर अर्धा तास हात गुंतवून ठेवील असे काम आधीच ठरवून ठेवावे: दळण आणणे, भाजी निवडणे, नळाला पाणी येण्याची वेळ असेल तर ते भरणे. गणपतीत, लग्नसराईत आणि रोप लावणीच्या धांदलीत सुरुवात करू नये. मृत व्यक्तीविषयी लिहायचे असेल, तर तिच्या श्राद्धतिथीच्या आठवड्यातही करू नये. त्या दिवसांत सगळे घरच त्या विषयावर बोलत असते आणि स्वतःची आठवण कोणती व इतरांकडून ऐकलेली कोणती, हे वेगळे करता येत नाही.

वही साधी, दुकानात कुठेही मिळणारी घ्यावी. तिच्यावर नाव किंवा शीर्षक लिहू नये. घरातल्या सामाईक कपाटात ती ठेवणे म्हणजे वाचनासाठी ठेवणे होय, कारण त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते हे आपल्याला ठाऊक असते. कार्यालयातला स्वतःचा खण, माहेरची पेटी, विश्वासू मैत्रिणीकडे चिकटवून दिलेले पाकीट असे पर्याय आधी पक्के करावेत.

मोबाइलवर लिहिणाऱ्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. फोन मुले किंवा नवरा वापरत असतील, तर त्या ॲपला वेगळे कुलूप घालावे. एकच गूगल खाते घरातल्या दोन फोनवर चालू असेल, तर एकावर लिहिलेले दुसऱ्यावर दिसते, म्हणून लेखनासाठी स्वतंत्र खाते उघडावे. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवून मजकूर साठवण्याची सवय पूर्ण सोडावी. बोट घसरून तो मजकूर भावकीच्या गटावर जाण्यास क्षण पुरतो.

आपल्या सीमाभागातली, म्हणजे कर्नाटकातल्या मराठी भाषक पट्ट्यातली, एक अडचण इथेच सोडवली पाहिजे. घरात आणि गल्लीत मराठी बोलणाऱ्या पण कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पुष्कळांना देवनागरीत लिहिताना ऱ्हस्वदीर्घाची भीती वाटते आणि त्या भीतीपोटी सगळे लेखनच राहून जाते. कच्चे लेखन कोणत्याही लिपीत करावे. कन्नड अक्षरांत मराठी लिहावे, इंग्रजी अक्षरांत लिहावे, फोनला बोलून सांगावे. बोलून सांगताना मात्र आवाज शेजारच्या खोलीत जाणार नाही हे पाहावे. लिपी आणि शुद्धलेखन सहाव्या टप्प्यानंतर बदलता येते.

सावधान: कच्चे लेखन टायपिंगला देऊ नये. झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानात दिलेला कागद दुकानदार वाचतो, आणि आपली शहरे लहान आहेत.

## टप्पा ३: यादी करणे आणि हलका तुकडा निवडणे

पहिल्या दिवशी प्रसंग लिहू नये, यादी करावी. तिच्यात ‘माझे दुःखी बालपण’ किंवा ‘वडिलांचे व्यसन’ असे विषय नसावेत. एका ठिकाणी, एका वेळी घडलेली गोष्ट असावी. ‘पगाराच्या दिवशी अण्णांना शोधायला मी खडेबाजारात गेलो ती संध्याकाळ’, ‘काकींनी माझे ताट वेगळे वाढले ते जेवण’, ‘२०१९ च्या पुरानंतर घराचे दार उघडले तो दिवस’, अशा नोंदी कराव्यात. वीस-पंचवीस नोंदी सहज होतात.

मग प्रत्येक नोंदीपुढे १ ते १० यांपैकी एक आकडा लिहावा. आठवले तरी काही वाटत नाही, तो १. नुसत्या आठवणीने हात थरथरतात, तो १०. सुरुवात ३ किंवा ४ च्या नोंदीने करावी. बहुतेक जण इथे वाद घालतात. ‘मुख्य गोष्ट सोडून किरकोळ कशाला लिहू?’ असे त्यांचे म्हणणे असते. त्याचे उत्तर असे की किरकोळ प्रसंग लिहिताना मनाला एक अनुभव मिळतो: लिहिले, त्रास झाला, तो ओसरला, आणि संध्याकाळी भाकरी नेहमीसारखी खाल्ली गेली. हा अनुभव चारसहा वेळा आला की ७ चा आकडा आपोआप ५ वर येतो. ज्याला आपण धैर्य म्हणतो ते बहुतांशी असेच साठते.

यादीतल्या काही नोंदी कायमच्या न लिहिलेल्या राहिल्या तरी चालते. १० चा प्रसंग लिहिल्याशिवाय लेखन खरे ठरत नाही, ही समजूत चुकीची आहे.

## टप्पा ४: पंधरा मिनिटांचे कच्चे लेखन

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, दररोज पंधरा मिनिटे क्लेशकारक अनुभवांविषयी लिहायला सांगितले होते. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहिल्यानंतर लगेच अधिक वाईट वाटले, परंतु पुढील सहा महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्रातील फेऱ्या तुलनेने कमी झाल्या. या पद्धतीवर नंतर शेकडो अभ्यास झाले. त्यांची एकत्रित पाहणी केली असता सरासरी लाभ लहान असल्याचे आणि तो सर्वांना सारखा मिळत नसल्याचे दिसले. म्हणून लेखनाकडे औषध म्हणून पाहू नये. मात्र या प्रयोगातून दोन गोष्टी उचलण्याजोग्या आहेत: वेळेला मर्यादा हवी, आणि लिहून झाल्यावर लगेच वाईट वाटणे हे अपयशाचे लक्षण नाही.

या टप्प्यात पुढील रीत पाळावी.

१. घड्याळ किंवा फोनचा गजर पंधरा मिनिटांचा लावावा. गजर झाला की वाक्य अर्धे असले तरी थांबावे. अर्धे वाक्य दुसऱ्या दिवशी सुरुवातीला उपयोगी पडते.

२. हात थांबवू नये. काही सुचले नाही तर ‘पुढे आठवत नाही’ असे लिहून पुढे जावे.

३. खोडू नये आणि मागचे वाचू नये.

४. काय घडले ते आधी, काय वाटले ते नंतर लिहावे. केवळ भावना लिहिणारा त्याच त्या वाक्याभोवती फिरत राहतो. केवळ घटना लिहिणाऱ्याचा पोलीस पंचनामा होतो.

५. सलग चार दिवस लिहिल्यानंतर किमान तीन दिवस सुट्टी घ्यावी.

लिहिता लिहिता छाती भरून आली, हातपाय गार पडले किंवा प्रसंग आत्ताच घडतो आहे असे वाटू लागले, तर गजराची वाट न पाहता वही मिटावी, उभे राहावे, तोंडावर गार पाणी मारावे आणि समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत. त्या दिवशी परत बसू नये आणि पुढच्या वेळी यादीतला हलका आकडा घ्यावा.

तपासा: दर आठवड्याला एकदा स्वतःला विचारावे की लेखनाने आलेला जडपणा किती वेळ टिकतो. दोन-तीन तासांत ओसरत असेल, तर क्रम योग्य चालला आहे. दोन-तीन दिवस टिकत असेल, तर लेखन थांबवून पहिल्या टप्प्यातील तिसरी तपासणी पुन्हा करावी.

## टप्पा ५: वही मिटून ठेवणे

कच्चे लेखन झाल्यावर किमान तीन आठवडे ते उघडू नये. या काळात कोणालाही काही दाखवू नये, कितीही इच्छा झाली तरी. ताज्या लेखनाला आपल्याला अभिप्राय नको असतो, कुशीत घेणारे कोणी हवे असते, आणि समोरचा नेमका अभिप्राय देतो. एवढे कारण पुरेसे आहे.

## टप्पा ६: कच्च्या पानांतून लेख उभा करणे

इथून पुढचे काम वेगळ्या जातीचे आहे आणि सर्वाधिक वेळ यालाच द्यावा. कच्ची वही समोर ठेवून नव्या कागदावर लिहावे. जुन्या पानांवर दुरुस्त्या करत बसू नये.

मोठे शब्द काढणे. वेदना जितकी खरी, तितकी भाषा अलंकारिक करण्याचा मोह मोठा असतो. ‘त्या दिवशी माझ्यावर आभाळ कोसळले, काळीज विदीर्ण झाले आणि डोळ्यांतून अश्रूंच्या धारा लागल्या’ असे लिहिलेले वाक्य कोणाच्याही आयुष्यात बसते, म्हणून ते लिहिणाऱ्याचे उरत नाही. त्याऐवजी घडले ते लिहावे: ‘दवाखान्यातून आलेला फोन मामांनी घेतला. होय, होय, एवढेच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारले, “अण्णांचं आधार कार्ड कुठं ठेवलंय गा?”’ वाचकाला काय झाले ते कळते आणि रडायचे की नाही ते तो ठरवतो. प्रत्येक पानावर आकांत, वेदना, व्यथा, हुंदका, काळीज यांसारख्या शब्दांखाली रेघ ओढावी आणि त्या जागी त्या वेळी कोणाचे हात काय करत होते ते आठवून लिहावे.

‘आम्ही’ तपासणे. हा दोष आपल्या भागात इतरत्र आढळतो त्याहून अधिक आढळतो. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेपासून इथला मराठी माणूस सार्वजनिक व्यासपीठावरून ‘आम्ही’ म्हणून बोलत आला आहे. सीमाप्रश्नासाठी पाळले जाणारे काळा दिन आणि हुतात्मा दिन, मोर्चे, निवेदने यांची एक ठरलेली वाक्यरचना आपल्या कानांत बसलेली आहे. वडील १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठी खाऊन घरी आले, हा प्रसंग लिहायला बसलेला मुलगा दुसऱ्याच परिच्छेदात ‘आम्हा सीमावासीयांवर झालेला अन्याय’ असे लिहू लागतो आणि वडील हरवतात. अन्याय झाला नाही असे कोणी म्हणत नाही. तो लेखात यायचा असेल, तर वडिलांनी पाठ शेकून घेताना आईला काय सांगितले, दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले की नाही, मुलाला शाळेत कन्नड शिक्षक कसे वागले, यांतून यावा. उलटही होते: आंदोलनाच्या काळात घरी दारू पिऊन मारणाऱ्या बापाविषयी लिहिताना समाजाचे काय वाटेल या धाकाने खरे लिहिले जात नाही. दोन्ही बाबतींत उपाय एकच आहे. ‘आम्ही’ असलेल्या प्रत्येक वाक्यापुढे ‘त्यात मी कुठे उभा होतो?’ असे पेन्सिलीने लिहावे आणि उत्तर नसेल तर ते वाक्य काढावे.

संवाद जसे झाले तसे ठेवणे. निवेदन प्रमाण मराठीत असले तरी आजीच्या, सासूच्या, मालकाच्या तोंडचे बोलणे बदलू नये. ज्या शब्दाने जखम झाली तो कन्नडमध्ये उच्चारला गेला असेल, तर देवनागरी अक्षरांत कन्नडच ठेवावा आणि अर्थ पुढच्या वाक्यातून उलगडू द्यावा. बेळगावी बोलीची लाज वाटून सगळ्यांना पुणेरी बोलायला लावलेली हस्तलिखिते मी परत पाठवतो.

आठवण आणि अनुमान वेगळे करणे. जे स्वतः पाहिले, जे दुसऱ्याने सांगितले आणि जे आपण तर्काने जोडले, त्यांना तीन वेगळ्या रंगांनी खुणा कराव्यात. ‘काकांनी मुद्दाम वाटणीचा कागद लपवला’ या वाक्यात ‘मुद्दाम’ हा शब्द बहुधा तिसऱ्या रंगाचा असतो. तो ठेवायचा असल्यास ‘मला त्या वेळी असे वाटले’ हे स्पष्ट लिहावे. त्याने लेख दुबळा होत नाही. वाचकाचा बाकीच्या मजकुरावरचा विश्वास वाढतो.

कागदपत्रांशी ताडून पाहणे. दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, शाळेचा दाखला, बँकेचे पासबुक, जमिनीचा उतारा, तक्रारीची प्रत यांवरून तारखा पक्क्या कराव्यात. सार्वजनिक घटना असेल, उदाहरणार्थ ऑगस्ट २०१९ मध्ये दूधगंगा-वेदगंगेच्या काठावरच्या गावांत शिरलेले पाणी, तर त्या दिवसांचे वृत्तपत्राचे अंक पाहावेत. इथे भाषेचा प्रश्न येतो, कारण पोलीस ठाण्यातले आणि महसूल खात्याचे कागद कन्नडमध्ये असतात. ते वाचून घेण्यासाठी शेजाऱ्याकडे किंवा दुकानात नेऊ नयेत. कागदातला मजकूर गल्लीत जाहीर होतो. गावाबाहेरचा विश्वासू शिक्षक किंवा वकील गाठावा. तक्रारीच्या कागदातली हकिगत आणि आपली आठवण यांत फरक आढळला, तर घाबरू नये, पण तो फरक लपवूही नये.

तपासा: हा टप्पा संपल्यावर लेख एकट्याने मोठ्याने वाचावा. जिथे आवाज भाषणासारखा चढतो, तिथे बहुधा खोटे काहीतरी शिरलेले असते.

## टप्पा ७: लेखातील इतर माणसे आणि कायदा

स्वतःच्या वेदनेवर आपला अधिकार असतो, पण त्या वेदनेत नवरा, भाऊ, शेजारी, शिक्षक असे इतरही असतात. लेखात येणाऱ्या प्रत्येक जिवंत व्यक्तीची यादी करून तिच्यापुढे तीन प्रश्न लिहावेत: तिची ही माहिती देणे लेखासाठी अनिवार्य आहे का, ती ओळखली जाईल का, आणि ओळखली गेल्यास तिचे काय नुकसान होईल. मुलांच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पंधरा वर्षांनंतरचे धरावे.

नाव बदलले की ओळख लपते हा भ्रम आहे. येळ्ळूर किंवा उचगावसारख्या गावात ‘एका कापड दुकानदाराची थोरली सून’ म्हटले तरी सर्वांना कळते. ओळख खरोखर लपवायची असेल, तर नावासोबत व्यवसाय, भावंडांची संख्या आणि गाव बदलावे, आणि असे बदल केल्याचे लेखाच्या सुरुवातीस एका वाक्यात सांगावे. प्रसंगाचा गाभा मात्र बदलू नये.

कायद्याच्या तीन बाबी ठाऊक असाव्यात. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत साध्या कारावासाची तरतूद आहे. मजकूर सत्य असणे एवढेच पुरेसे नसते, तो सार्वजनिक हितासाठी प्रसिद्ध केला असावा लागतो. आणि नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेले मृत व्यक्तीविषयीचे लेखनही त्यात येऊ शकते. दुसरी बाब म्हणजे, लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणे याच संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. सज्ञान पीडित व्यक्ती स्वतःची ओळख उघड करण्यास लेखी संमती देऊ शकते, परंतु बहिणीविषयी किंवा मैत्रिणीविषयी लिहिणाऱ्याला परस्पर तो अधिकार मिळत नाही. तिसरी बाब, पीडित व्यक्ती अल्पवयीन असेल तर बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यातील कलम २३ मुळे तिचे नाव, पत्ता, शाळा, कुटुंब, शेजार यांपैकी कशावरूनही ओळख पटेल असे काही प्रसिद्ध करता येत नाही. स्वतःच्या बालपणीच्या अत्याचाराविषयी लिहिणाऱ्यांनीही छापण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कायद्याने ठरवलेल्या इतर घटकांना विनामूल्य मदत मिळते. त्यासाठीचा क्रमांक १५१०० आहे.

सावधान: सूड हाच हेतू असेल, तर तो वाक्यावाक्यांतून दिसतो. ज्याच्यावर राग आहे त्याचा एकही माणूसपणाचा तपशील लेखात नसेल, तर लेख अजून तयार झालेला नाही.

## टप्पा ८: पहिला वाचक

पहिला वाचक नात्यातला नसावा आणि लेखातल्या प्रसंगाचा साक्षीदार तर मुळीच नसावा. साक्षीदार लेख वाचत नाही, साक्ष तपासतो. ‘असं नव्हतंच की ते’ या वाक्यापासून चर्चा सुरू होते आणि तिथेच संपते. जुने शिक्षक, वाचनालयातला जाणता सभासद, दुसऱ्या गावचा लिहिणारा मित्र यांपैकी कोणी शोधावा. देताना दोनच प्रश्न विचारावेत: कुठे कळले नाही, आणि कुठे थांबावेसे वाटले? ‘कसे वाटले’ असे विचारल्यास ‘खूप सोसलंस गा’ असे उत्तर येते आणि लेखाविषयी काहीच कळत नाही.

प्रत कागदावर द्यावी, आठवड्याची मुदत सांगून परत घ्यावी आणि फोटो काढू नये असे स्पष्ट बजावावे. हे बजावताना संकोच वाटतो, तरीही बजावावे.

लेखातल्या माणसांना कळवायचे की नाही, हा निर्णय यानंतर घ्यावा. कळवायचे ठरल्यास पूर्ण लेख हातात न देता त्यांच्याविषयीचा मजकूर वाचून दाखवावा. आक्षेप ऐकून घ्यावा, परंतु जागच्या जागी ‘काढून टाकतो’ असे वचन देऊ नये. ‘विचार करून सांगतो’ म्हणून उठावे. वृद्ध आईवडिलांच्या बाबतीत, त्यांच्या हयातीत छापायचेच आहे का, याचाही विचार करावा. लिहिलेले थांबू शकते, त्याला मुदत नसते.

## टप्पा ९: छापणे

छापायचे ठरले, तर पहिले प्रकाशन लहान असावे. दैनिकाच्या रविवार पुरवणीतला एक प्रसंग, दिवाळी अंकातला एक लेख, किंवा कडोली, उचगाव यांसारख्या ग्रामीण साहित्य संमेलनांत केलेले वाचन ही योग्य सुरुवात आहे. दिवाळी अंकासाठीचे साहित्य पावसाळ्यातच मागवले जाते, म्हणून सहावा आणि सातवा टप्पा उन्हाळ्यापर्यंत आटोपलेला असावा. संमेलनात वाचणार असाल, तर समोरच्या पहिल्या दोन रांगांत आपल्या भावकीतले लोक बसलेले असतील हे गृहीत धरून मजकूर निवडावा आणि घड्याळ लावून दोनदा सराव करावा. व्यासपीठावर कंठ दाटला, तर पाणी पिऊन त्याच वाक्यापासून पुन्हा सुरू करावे. क्षमा मागू नये.

संपादकाला लेख पाठवताना तीन गोष्टी पत्रात लिहून द्याव्यात: लेखकाचे नाव खरे छापायचे की टोपणनाव, छायाचित्र छापायचे की नाही, आणि शीर्षक बदलल्यास आधी विचारावे. तिसरी गोष्ट लिहायची राहिली, तर संयत लेखावर ‘एका अभागिनीची कहाणी’ असा मथळा बसलेला पाहावा लागतो. गोपनीयता हवी असेल, तर मोबाइल क्रमांक छापू नये, हेही त्याच पत्रात नमूद करावे.

अंक बाहेर पडण्याच्या आठवड्यात कामाची नेहमीची घडी मोडू नये. फोन येतील, काही रडणारे, काही रागावलेले, आणि काही स्वतःची तशीच हकिगत सांगणारे. शेवटच्या प्रकारचे फोन सर्वांत जड जातात, कारण समोरचा आपल्याकडून उपाय मागतो. त्यांचे ऐकून घ्यावे, १४४१६ किंवा १८१ हे क्रमांक द्यावेत आणि वैयक्तिक मध्यस्थीला जाऊ नये. रागावलेल्या नातेवाइकाला त्याच दिवशी उत्तर देऊ नये. लेखी धमकी किंवा वकिलाची नोटीस आली, तर ती जपून ठेवून वकिलाकडे जावे. कच्ची वही, रंगीत खुणा केलेले कागद आणि संमतीची पत्रे एका पाकिटात घालून घराबाहेर सुरक्षित ठेवावीत, कारण छापलेल्या मजकुराविषयी प्रश्न निघाला तर तीच आपली नोंद असते.